उस्तादांचा अर्धा ग्लास

एव्हारिस्तो वेनुल पायऱ्या चढताना दिसले, की खोऱ्यातल्या भल्याभल्या बिअरवाल्यांना मागच्या खोलीतलं एखादं राहिलेलं काम आठवायचं. कुणाला पिंप धुवायचं असे, कुणाला बायकोला फोन करायचा असे. पण पळून फारसा उपयोग नव्हता. एव्हारिस्तो गल्ल्यासमोरच्या उंच बाकावर बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि वाट बघायचे. वाट बघण्याची त्यांना चव्वेचाळीस वर्षांची सवय होती.

त्यांची पद्धत सगळ्यांना पाठ होती. ग्लास भरून मागायचा. खिडकीतून पिल्त्रिकित्रोन डोंगर दिसतो त्या बाजूला धरून रंग बघायचा. मग नाक आत घालायचं, तेही बुटाची नाडी बांधून होईल इतका वेळ. मग बरोबर अर्धा प्यायचा आणि उरलेला अर्धा ज्याने ती बिअर केली त्याच्यापुढे सरकवायचा.

"आता तू पी. माझ्याकडे बघत पी."

तो बिचारा प्यायचा. आपण शिजवलेलं आपल्याच घशाखाली उतरताना समोर दोन शांत डोळे रोखलेले असले, की माणसाला आपोआप सगळं कळतं. तरीही एव्हारिस्तो निकाल सांगायचेच. तळ्याकाठच्या एका बिअरवाल्याला ते म्हणाले होते, "हा लुपुलो गुरुवारी तोडला आणि शनिवारी वाळवला. मधला शुक्रवार पोत्यात गेला." त्याने वही काढून बघितली. खरंच शुक्रवारी त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. त्या दिवसापासून सगळं खोरं त्यांना उस्ताद म्हणू लागलं, आणि वही उघडी ठेवायचं बंद झालं.

लुपुलो म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारा वेल. उंच तारांवर चढतो आणि उन्हाळा संपता संपता हिरव्या, कागदी पाकळ्यांच्या बोंडांनी लगडतो. या बोंडात पाणी इतकं, की पोत्यात एक रात्र काढली तरी आतून तापून काळं पडतं. म्हणून तोडलं की वाळवायचं, लगेच. सान रोके मळ्याच्या वाळवणघरात हे काम एव्हारिस्तोंचं. खाली न्यिरे नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडांची आग, वर पट्ट्यांचा माळा, माळ्यावर गुडघाभर बोंडं, आणि छपराला धुराड्यासारखं तोंड. मापयंत्र कुठलं नव्हतं. एव्हारिस्तो एक बोंड उचलायचे, त्याचा मधला देठ कानाशी नेऊन मोडायचे. वाकला तर अजून लाकूड टाका. कट् वाजला तर आग विझवा.

गंमत अशी, की या माणसाने पासष्टी उलटेपर्यंत बिअर कधी मन लावून प्यायलीच नव्हती. त्यांचा लुपुलो ट्रकात बसून दूरच्या कारखान्यांत जायचा आणि परत यायची ती बाटली. बाटलीला वास म्हणाल तर थंडीचा. मग एक दिवस गावातली माणसं स्वयंपाकघरात, गॅरेजात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बिअर शिजवायला लागली. बिअर तिथंच शिजवायची आणि तिथंच पाजायची, अशी बिअरघरं निघाली. अशाच एका ग्लासात एव्हारिस्तोंनी पहिल्यांदा नाक घातलं आणि त्यांना आपलं वाळवणघर भेटलं. चाळीस वर्षं पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनला एकदम वाचता यायला लागावं, तसं झालं ते. त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा त्यांनी बिअरघरं आणि जत्रा पालथ्या घालण्यात घालवला. इथं दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबरात लागतो: जानेवारीत तळ्याकाठी, फेब्रुवारीत डोंगराच्या पायथ्याशी, मार्चमध्ये गावच्या फुटबॉलच्या मैदानावर.

गाडी चालवायची त्यांची मेहुणी इर्मा. एव्हारिस्तोंची बायको ओतिलिया सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिची ही धाकटी बहीण शेजारच्या घरात होतीच. तिने दाजींना एकटं सोडलं नाही, आणि गप्पही बसू दिलं नाही.

"ती काळी टोपी काढा, दाजी."

"का? चांगली आहे."

"जानेवारीतल्या गोमाशांना पण चांगली वाटते. गेल्या वेळी तुमच्यापायी सगळ्या माझ्या गाडीत बसून आल्या."

"त्यांनाही बिअर बघायची असते."

"त्यांनी निदान अर्धी परत तरी नसती केली."

इर्मा स्वतः रास्पबेरीचं सरबत प्यायची आणि बिअरवाल्यांचे चेहरे बघायची. तिच्या मते करमणूक त्यातच होती.

याच फेब्रुवारीत ती दोघं नोएलियाच्या बिअरघरात गेली. नोएलिया सत्तावीस वर्षांची. आजोबांच्या बंद पडलेल्या लाकूडवखारीत तिने तीन हंडे मांडले होते. करवतीचं मोठं पातं अजून भिंतीवर होतं, आणि कितीही झाडलं तरी पावाच्या तुकड्याखाली भुसा सापडायचा. ती पळून जाणाऱ्यांतली नव्हती. उस्तादांनी परत केलेला अर्धा ग्लास तिने त्यांच्या डोळ्यांत बघत प्यायला आणि विचारलं, "सांगा."

"वाळवण ठीक आहे," एव्हारिस्तो म्हणाले. याच्यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती.

"जत्रेला मी वेगळं काहीतरी आणणार आहे. ओला लुपुलो. वेलावरून तोडायचा तो सरळ हंड्यात. मध्ये वाळवण नाहीच."

एव्हारिस्तोंनी टोपी गुडघ्यावरून उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, ओल्या लाकडावर कोकरू भाजलेलं खाल्लंयस कधी?"

"नाही."

"मग खाऊन बघ आधी. वाळवल्याशिवाय लुपुलोला काही म्हणजे काही येत नाही. मी चव्वेचाळीस वर्षं काय माशा मारल्या?"

"तसं मी कुठं म्हटलं, उस्ताद?"

"ओलं तर म्हटलंस ना."

इर्मा सरबताच्या ग्लासाआड हसली. पण परतताना गाडीत दाजी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवत राहिले. 'मध्ये वाळवण नाहीच' हे शब्द त्यांच्या कानात देठासारखे मोडत होते.

जत्रा मार्चच्या तिसऱ्या रविवारी. बिअर पिकायला दोन आठवडे तरी हवेत, म्हणून नोएलियाने पहिल्या शनिवारचा मुहूर्त धरला. नदीपलीकडच्या मळ्यातली एक ओळ मालकाने तिच्यासाठी राखली होती. बाकीचा मळा शुक्रवारीच यंत्राने साफ झाला होता. शनिवारी पहाटे तिने मैत्रिणींना घेऊन ती ओळ हातांनी तोडली. पाच पोती भरली. आणि नेमका त्याच दिवशी हंड्याखालचा बर्नर रुसला. जवाचा काढा उकळायला दुपार टळणार होती. तोवर बोंडं थंड जागी ठेवणं भाग होतं.

खोऱ्यात त्या वेळी सगळ्यांत थंड जागा एकच. सान रोके मळा मोडून तिथं पर्यटकांच्या खोल्या झाल्या, तेव्हा एव्हारिस्तोंनी तिथलं लाकूड आणून घरामागे एक छोटं वाळवणघर उभं केलं होतं. जाड भिंती, इथं ऊन उत्तरेकडून येतं म्हणून ते अडवणारे तीन पॉप्लर. नोएलियाने पोती त्याच्या दारात सावलीला ठेवली आणि इर्माला सांगितलं, "दोन तासांत नेते. उस्तादांना तेवढं सांगा."

इर्माने सांगितलं. एव्हारिस्तो जेवून आडवे झाले होते. तिने खिडकीतून आवाज दिला, "दाजी, ती पोती नोएलियाची आहेत. हात लावू नका." आतून "हं" आलं. इर्मा निर्धास्त होऊन दुकानात गेली. झोपेतला माणूस कशालाही "हं" म्हणतो, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

एव्हारिस्तो उठले, तोंडावर पाणी मारलं, मागच्या दारी आले. समोर वाळवणघर, मार्च महिना, दारात हिरवी पोती. पुढचं त्यांनी केलं असं म्हणणंही बरोबर नाही. ते हातांनी केलं. हातांनी पोत्यांची तोंडं सोडली, बोंडं माळ्यावर पसरली, बोटांनी चाळून सारखी केली. हातांनी न्यिरेची फाटी रचली आणि काडी ओढली. दारात ओली बोंडं पडून आहेत आणि आग पेटलेली नाही, हे दृश्य त्या हातांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एव्हारिस्तो आगीपुढे स्टुलावर बसून मजेत माते, म्हणजे कडू पाल्याचा गरम काढा, पीत होते.

दीड तासाने इर्मा कोपऱ्यावरून वळली तेव्हा तिला धूर दिसायच्या आधी वास आला. मार्चमध्ये सगळ्या गावावर पसरायचा, तो वास. तो आला की लोक कपडे वाळत घालता घालता थांबायचे, पोरं शाळेत त्यावर निबंध लिहायची. इर्माने हातातली पिशवी तिथंच टाकली.

"दाजी, हे काय केलंत?"

"काय केलं? कुणीतरी पोती आणून ठेवली नि निघून गेला. कुजली असती. मेहरबानी माना म्हणावं."

मागोमाग नोएलियाची गाडी आली. ती खुशीत उतरली, चार पावलं आली आणि थांबली. माळ्याची शिडी चढून तिने एक बोंड उचललं, चिमटीत दाबलं. ना ओलं, ना वाळलेलं. रात्रभर तापातून उठलेल्या माणसाच्या हातासारखं लिबलिबीत. ती खाली येऊन उपड्या खोक्यावर बसली.

"हंडा उकळायला लागलाय," ती म्हणाली.

एव्हारिस्तोंना आता सगळं एकदम आठवलं. खिडकीतला आवाज, त्यांचा स्वतःचा "हं", फेब्रुवारीतलं ते ओलं कोकरू.

"आता थांबवून उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत असा वाळवून देतो तुला की..."

"मला वाळलेला नको होता, उस्ताद."

ती रडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. एव्हारिस्तोंनी इर्माकडे पाहिलं. इर्मा टोमणा मारेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. इर्मा जमिनीकडे बघत होती. ती टोमणा मारत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे त्यांना कळून चुकलं. खोऱ्यात आता हिरवं बोंड कुठंच उरलं नव्हतं. जत्रेत या पोरीच्या पिंपाची जागा रिकामी राहणार, आणि त्या रिकाम्या जागेत खरं तर त्यांचं नाव लिहायला हवं.

कुठंच नव्हतं असं मात्र नाही.

घराच्या पूर्वेला तीन ओळी होत्या. सान रोके मळा नांगरला गेला तेव्हा ओतिलियाने तिथल्या मुळ्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या आणि इथं लावल्या. ती तोडणारी होती, हे वाळवणारे. बत्तीस उन्हाळे तिने तोडलेलं यांनी वाळवलं. ती गेल्यापासून दर मार्चमध्ये एव्हारिस्तो त्या ओळी एकटेच तोडायचे, वाळवायचे आणि त्याच बोंडांनी उशी भरायचे. उशीचा वास हिवाळा निम्मा सरेपर्यंत टिके. उरलेला हिवाळा ते नुसतेच झोपायचे. इर्मालासुद्धा त्या वेलांना हात लावायची मुभा नव्हती, आणि इर्माने कधी मागितलीही नव्हती.

एव्हारिस्तो घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कोयता आणि वेताची जुनी टोपली होती.

"तीन ओळी आहेत," ते नोएलियाला म्हणाले. "तुझं पिंप भरेल का, बघ."

"उस्ताद, ते तर ओतिलियाबाईंचे..."

"वेल आहेत. तोडायचेच असतात. चल, हंड्याला धीर नसतो."

तिघांनी वेल खाली पाडले आणि बसून तोडायला लागले. अर्ध्या तासात बोटं काळी-चिकट झाली, मनगटावर वेलाच्या काट्यांचे लाल ओरखडे उठले. बोंड चुरलं की आतली पिवळी पूड नखात बसायची. एकदा इर्मा म्हणाली, "ताई दोन्ही हातांनी तोडायची. तुम्ही एका हाताने कुरवाळताय." एव्हारिस्तोंनी दुसरा हात कामाला लावला.

वखारीत पोचल्यावर ते दाराशीच उभे राहणार होते. आपल्या बायकोची बोंडं ओलीच्या ओली काढ्यात पडताना बघायची त्यांना इच्छा नव्हती. पण नोएलियाने हंड्याखालची आग बंद केली तेव्हा ते आत आले.

"आग विझवलीस?"

"हो. याला आग नाही चालत. आग असली की वास उडून जातो." तिने टोपल्या रिकाम्या केल्या आणि वर जड झाकण टाकून त्याच्या कडेला ओलं फडकं लावलं. "आता आत जे आहे ते आत."

एव्हारिस्तो त्या झाकणाकडे बघत राहिले. त्यांच्या वाळवणघराला झाकण नव्हतं. उलट छपराला मुद्दाम तोंड ठेवलेलं होतं.

पुढचे दोन आठवडे त्यांनी एकही बिअरघर गाठलं नाही. खोऱ्यात अफवा उठली की उस्ताद आजारी आहेत; दोन बिअरवाल्यांनी फारशी हळहळ व्यक्त केली नाही. नोएलियाची ती पाच पोती त्यांनी नीट, देठ कट् वाजेपर्यंत वाळवली. तिने नेली नाहीत, म्हणून यंदा उशीत तीच भरली. वास चांगला होता. पण कूस बदलली की पाहुण्यांच्या घरी झोपल्यासारखं वाटायचं.

रविवारी दुपारी फुटबॉलच्या मैदानावर वारा सुटला होता. निखाऱ्यांवर भाजणाऱ्या चोरिसो सॉसेजच्या धुराचे लोट एका गोलपोस्टातून दुसऱ्याकडे चालले होते, अकॉर्डियनवाला बुटासकट एक पाय टेबलावर ठेवून वाजवत होता. वीसेक बिअरवाल्यांची पिंपं ओळीने मांडलेली. नोएलियाच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं: 'ओतिलिया. ओली.'

"नाव विचारायचं होतं तुम्हाला," एव्हारिस्तो समोर येताच ती म्हणाली. "राहून गेलं."

"खोटं नाही लिहिलंस," ते म्हणाले. "वेल तिचेच."

शेजारच्या पिंपांवरची माणसं कामं सोडून जवळ आली. यंदा कुणाची पाळी, हे बघायला सगळ्यांनाच आवडायचं. इर्मा सरबत न घेताच आली होती.

नोएलियाने ग्लास भरला. एव्हारिस्तोंनी तो डोंगराच्या दिशेला धरला. जरा गढूळ. मग नाक आत घातलं.

बुटाची नाडी बांधून झाली. दुसऱ्या बुटाचीही झाली असती. एव्हारिस्तोंचं नाक ग्लासातच होतं.

तो वास त्यांना नवा नव्हता. खुळ्यासारखा ओळखीचा होता. वेलावरून पोत्यात आणि पोत्यातून माळ्यावर जाईपर्यंत जो दोन-तीन तास असतो आणि मग नसतो, तो हा वास. तोडणीच्या दिवसांत ओतिलिया हात धुवायच्या आधी भाकरी पुढे करायची, तेव्हा भाकरीला येणारा. आणि आग पेटली की छपराच्या तोंडातून वर जाऊन सगळ्या गावावर पसरणारा. गाव म्हणायचं, काय सुंदर वास येतो वाळवणघराचा. येत होता म्हणजे जात होता. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी देठाचा कट् ऐकला आणि खाली राहिलेलं सांभाळलं. वर जाणाऱ्याकडे मान वर करून बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. आणि ते गेलेलं, दोन तासांत मरणारं, पंधरा दिवस होऊन गेल्यावर या ग्लासात अजून जिवंत होतं. फेस होता, गार होतं, आणि तोडणीची सकाळ अजून संपायची होती.

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मैदानावर कुणीतरी काहीतरी बोललं, इर्माने हाताने गप्प केलं.

ग्लास अर्ध्यावर आला. रिवाजाप्रमाणे नोएलियाने हात पुढे केला, आपला अर्धा घ्यायला. एव्हारिस्तोंनी त्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडा अजून काळसर होत्या, दोन आठवड्यांनीही. मग ते सावकाश, न थांबता पीत गेले, आणि फेसाचा शेवटचा पट्टा काचेवरून घसरून येईपर्यंत ग्लास कलता धरून थांबले.

नोएलियाचा हात तसाच हवेत होता.

"दाजी," इर्मा हळूच म्हणाली, "अर्धा तिचा असतो."

एव्हारिस्तोंनी रिकाम्या ग्लासात डोकावून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी संपवला होता.

"सांगा," नोएलिया म्हणाली.

"एक दिवस आधी तोडलीत बोंडं."

"तुम्हीच तोडलीत, उस्ताद."

"म्हणून तर सांगतोय. रविवारी तोडली असती तर..." ते थांबले. रविवारी काय झालं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. लुपुलोच्या बाबतीत त्यांना काही माहीत नसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की तळ्याकाठच्या बिअरवाल्यानेही, ज्याचा शुक्रवार त्यांनी पकडला होता, टोपी काढली.

"पुढच्या मार्चात माझ्या दारात पोती ठेवू नकोस," ते शेवटी म्हणाले.

"नाही ठेवणार."

"हातांचा भरवसा नाही माझ्या. वेल आहेत तिथंच असतील. तोडायच्या दिवशी सरळ वेलांपाशी ये, झाकण घेऊन."

"आणि तुमची उशी?" इर्माने विचारलं.

"एक ओळ उशीला. दोन हिला." ते जरा विचारात पडले. "उशीची आधी तोडू. हिच्या दोन रविवारी. बघू तरी काय होतं."

एवढं बोलून ते वळले आणि ग्लास हातात धरून रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिले. रांग तोवर गोलपोस्टापर्यंत गेली होती. पुढची माणसं बाजूला सरून त्यांना जागा देऊ लागली. "या ना उस्ताद, तुम्ही कशाला उभे राहताय?"

"राहू द्या," एव्हारिस्तो म्हणाले. टोपी त्यांनी छातीशी धरली होती. "नाकाला जरा वेळ हवाय."

दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिलेले उस्ताद खोऱ्याने याआधी कधी पाहिले नव्हते. इर्माने गाडीतून आपली घडीची खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली. ते बसले नाहीत.